विश्लेषण : गोळी किती वेगाने विरघळते? सूत्र मांडणारे आर्थर नॉइज कोण होते?

गोळी गिळली की औषध लागू पडत नाही. ते आधी विरघळावं लागतं, मगच आतड्यातून रक्तात उतरतं. या विरघळण्याच्या वेगाचं सूत्र आर्थर नॉइज आणि विलिस व्हिटनी यांनी १८९७ मध्ये मांडलं. गंमत म्हणजे तो शोधनिबंध औषधांवर नव्हताच.

नॉइज यांचा जन्म १८६६ चा, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा. जर्मनीत ऑस्टवाल्ड यांच्याकडे डॉक्टरेट करून ते एमआयटीत परतले. तिथे या दोघांनी बेंझोइक आम्ल आणि शिशाचं क्लोराइड यांच्या कांड्या पाण्यात फिरवून किती पदार्थ विरघळतो, हे मोजलं. द्रावण संपृक्त होण्यापासून जितकं दूर, तितका वेग जास्त. चहात साखर घालत गेलं की शेवटचा चमचा रेंगाळतो, तसंच.

नॉइज पुढे एमआयटीचे प्रभारी अध्यक्ष झाले, मग कॅल्टेकचा रसायनशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. १९३६ मध्ये ते वारले.

औषधांच्या जगाला सूत्राची निकड उशिरा भासली. गोळीसाठी फिरत्या जाळीदार टोपलीची चाचणी अमेरिकी औषधकोशात आली ती १९७० मध्ये. पुढच्याच वर्षी हृदयविकारावरील डिगॉक्सिनने धक्का दिला. मात्रा तीच, पण गोळ्या वेगवेगळ्या. रक्तातली कमाल पातळी सातपटीपर्यंत वेगळी! या औषधात गुणकारी आणि विषारी मात्रेतलं अंतर फार थोडं. पुढे विरघळण्याचा वेग आणि रक्तातली पातळी यांचा मेळ लागला.

तो नेहमी लागतोच असं नाही. औषध झटकन विरघळूनही आतड्याच्या भिंतीपाशी अडत असेल, तर भांड्यातला आकडा फारसा कामाचा नाही.