भंगारातून उरलेले बॅबेज

जुन्या संगणकांच्या भंगाराकडे दोन प्रकारची माणसे वळतात. पहिल्यांना त्यातील सोने हवे असते. ते प्रोसेसर वेचतात आणि आम्लात विरघळवतात. दुसऱ्यांना तो प्रोसेसरच हवा असतो. भट्टीच्या वाटेवरून तो उचलायचा, पुसायचा आणि जपून ठेवायचा, हा त्यांचा छंद. इंटेलने नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आणलेला '४००४', विशेषतः पांढऱ्या सिरॅमिकच्या वेष्टनातला, या संग्राहकांना फार मोलाचा वाटतो. त्याच्या आगमनापूर्वी शंभर वर्षे आणि जेमतेम एक महिना, १८ ऑक्टोबर १८७१ रोजी, लंडनमध्ये एका वृद्ध गणितज्ञाचे निधन झाले होते. प्रोसेसरची मूळ कल्पना त्यांची. त्यांच्या यंत्राचे हजारो भाग भंगार म्हणून वितळवले गेले होते. चार्ल्स बॅबेज हे त्यांचे नाव.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ चा. वडील लंडनमधील सधन बँकर. केंब्रिजला शिकत असतानाच त्यांनी जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक यांच्यासमवेत गणितातील जुनाट परिपाठाविरुद्ध मोहीम उघडली आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षाच्या आत ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८२१ मध्ये हर्शेल आणि ते खगोलशास्त्रीय कोष्टके तपासत बसले असता चुकांमागून चुका निघू लागल्या. अशी कोष्टके तेव्हा माणसे हाताने करीत. आकडेमोडीत चूक, नक्कल करताना चूक, छपाईचे खिळे जुळवताना पुन्हा चूक. समुद्रावरची जहाजे मात्र याच कोष्टकांवर विसंबून मार्ग काढीत. हे काम वाफेच्या यंत्राने का होऊ नये, या प्रश्नाने बॅबेज यांना जे पछाडले, ते अखेरपर्यंत.

'डिफरन्स इंजिन'मागील युक्ती साधी होती. लागोपाठच्या संख्यांमधील फरक हाताशी असले, तर पुढची प्रत्येक संख्या निव्वळ बेरजेने मिळते; गुणाकार-भागाकाराची गरजच उरत नाही. बेरीज दातेरी चाकांना जमते. सरकारने १८२३ मध्ये १,५०० पौंड दिले आणि जोसेफ क्लेमेंट या कुशल कारागिराकडे काम सोपवण्यात आले. संपूर्ण यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते. त्यातच १८२७ या एका वर्षात बॅबेज यांनी वडील, पत्नी जॉर्जियाना आणि मुलगा गमावला. १८३२ मध्ये नमुन्यादाखल यंत्राचा एक तुकडा जुळवून झाला. तो आजही चालतो. पुढच्याच वर्षी मात्र पैशांवरून बॅबेज आणि क्लेमेंट यांचे बिनसले आणि काम थांबले ते कायमचे. त्या काळच्या रिवाजानुसार हत्यारे कारागिराची. ती क्लेमेंट यांच्याकडेच राहिली. तोवर सरकारचे १७,००० पौंडांहून अधिक खर्च झाले होते. त्याच सुमारास आगगाडीचे एक इंजिन आठशे पौंडांच्या आत तयार होत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे राज्यकर्त्यांची चुळबूळ कळते.

दोष एकट्या सरकारचा नव्हता. बॅबेज स्वभावाने तापट, शब्दाने तिखट. रस्त्यावर वाद्ये वाजवणाऱ्यांशीही त्यांनी वर्षानुवर्षे वैर धरले. शिवाय पहिले यंत्र अपुरे असतानाच, १८३४ मध्ये, त्यांच्या मनाने दुसऱ्याचा ध्यास घेतला. हे 'ॲनॅलिटिकल इंजिन'. यात संख्या साठवण्याची जागा वेगळी आणि त्यांवर प्रक्रिया करण्याची वेगळी. पहिलीला त्यांनी 'स्टोअर' म्हटले, दुसरीला 'मिल', म्हणजे गिरणी. कोठारातून धान्य आणावे, दळावे आणि पीठ परत ठेवावे, तसा हा व्यवहार. काय दळायचे ते जाकार्डच्या मागावर वापरतात तशी छिद्रांची पुठ्ठ्याची पत्रे सांगणार.

ही गिरणीच आजच्या प्रोसेसरची पूर्वज. तिच्यातील सर्वांत अवघड प्रश्न शाळकरी मुलालाही ठाऊक असलेला होता: हातचा. ९९९९ मध्ये एक मिळवला की हातचा एकेका घरातून पुढे सरकत जातो आणि यंत्राचा वेळ खातो. सगळे हातचे आधीच ओळखून एकाच वेळी पुढे देणारी यंत्रणा बॅबेज यांनी अपार परिश्रमांनी आखली. आजचे प्रोसेसरही बेरजेत याच तत्त्वाचा आधार घेतात. या यंत्राचे मर्म एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये विस्तृत टिपांमधून उलगडले. तोवर फार उशीर झाला होता. १८४२ मध्येच पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारने जुन्या यंत्राचा नाद सोडला होता. तयार झालेल्या सुमारे १२,००० सुट्या भागांपैकी बहुतेकांच्या नशिबी पुढे भट्टी आली.

बॅबेज आराखडे काढतच राहिले. १८४७ ते १८४९ या काळात त्यांनी कमी भागांचे, सुटसुटीत 'डिफरन्स इंजिन क्रमांक २' रेखाटले. सरकारने तेही नाकारले. मृत्यूसमयी गिरणीचा एक छोटासा भाग त्यांच्या हाती जुळत होता.

पुढची कहाणी वेचून जपण्याची आहे. धाकटा मुलगा हेन्री याने ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात उमेदीची वर्षे काढली होती. हिंदुस्थानातून रजेवर गेला असताना त्याने वडिलांकडून यंत्रांची रेखाटने समजून घेतली होती. १८७४ मध्ये निवृत्त होऊन परतल्यावर त्याने भट्टीतून वाचलेले भाग गोळा करून पाच-सहा छोटे नमुने जुळवले आणि विद्यापीठांना पाठवले. वयाची ऐंशी उलटल्यावर, १९१० मध्ये, गिरणीचा एक भागही उभा केला. त्यावर पायच्या पटींचे कोष्टक काढले गेले. काही आकडे चुकले.

एक नमुना हार्वर्डला गेला होता. १९३० च्या दशकात हॉवर्ड एकेन यांना तो तेथील माळ्यावर दिसला. त्यांच्याच कल्पनेतील 'मार्क १' हा महाकाय गणकयंत्रसंच १९४४ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झाला.

बॅबेज यांच्या काळातील कारागिरीला एवढे अचूक भाग साधणेच अशक्य होते, असे दीर्घकाळ मानले जाई. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९८५ मध्ये 'क्रमांक २' प्रत्यक्ष बांधण्याचे ठरवले, तेव्हा भट्टीतून वाचलेले जुने भाग मोजण्यात आले. नवे भाग त्यांहून अधिक अचूक असू नयेत, असे बंधन घालून घेण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९१ रोजी, बॅबेज यांच्या द्विशताब्दीला महिनाही उरला नसताना, यंत्राने पहिले संपूर्ण गणित बिनचूक केले. छपाईचा भाग जोडला जायला २००२ उजाडले.