अंगणातली शाळा आणि पैशांचा हिशेब

आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीवरून आपण रोज येतो-जातो. आतून खिचडीचा वास येतो, कुणीतरी भोकाड पसरलेलं असतं, कुणी टाळ्या वाजवत गाणं म्हणत असतं. पण हा ‘अंगणवाडी’ शब्द आला कुठून, असं कधी मनात येतं का हो? तो आपल्याला दिला ताराबाई मोडकांनी. आणि त्या शब्दात बालशिक्षणाइतकाच पैशांचा हिशेबही आहे.

ताराबाई मूळच्या केळकरांच्या. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबईचा. वडील प्रार्थना समाजाचे, सुधारक विचारांचे, त्यामुळे त्या काळातही मुलगी कॉलेजात गेली आणि १९१४ साली बी. ए. झाली. लग्न होऊन अमरावतीला गेल्या. पण संसार टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला, पदरात लहानगी मुलगी होती. आज या वाक्यावरून आपण पटकन पुढे जातो. तेव्हा घटस्फोटित बाईने मुलीला घेऊन एकटीने राहायचं म्हणजे काय, ते आपल्या आजीला विचारावं!

राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्रिन्सिपॉल झाल्या. मानाची जागा, बांधलेला पगार. पण मुलीच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या कानावर भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या बालमंदिराचं काम आलं आणि १९२३ मध्ये सुखाची नोकरी सोडून त्या तिकडे निघाल्या. एकट्या आईने पगाराची नोकरी सोडली... आपल्याला जमलं असतं का?

भावनगरला दोघांनी मॉन्टेसोरी पद्धत आपल्या मातीत रुजवली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. तो नावाजला. मुंबईतल्या शिकलेल्या घरांतली मुलं तिथे येऊ लागली. पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. मॉन्टेसोरीचं साहित्य महागडं, जागा हवी, फी भरणारे पालक हवेत. मग खेड्यातल्या, मजुरी करणाऱ्या बाईच्या पोराचं काय? (आजही एखाद्या ‘प्ले-ग्रुप’ची फी ऐकली की पोटात गोळा येतो. तेव्हाही काही वेगळं नव्हतं.)

उत्तर शोधायला त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या. डहाणूजवळचं हे समुद्रकाठचं गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. सोबतीला अनुताई वाघ आल्या. वय पस्तीस, लहानपणीच विधवा झालेल्या, आणि जिद्दीच्या. गावात बालवाडी तर काढली, पण हरिजनवाड्यातली मुलं काही तिकडे येईनात. मुलं येत नाहीत तर शाळाच त्यांच्या दारात न्यायची! वाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. तीच अंगणवाडी.

आता यातला हिशेब बघा. इमारत नको, म्हणजे सगळ्यात मोठा खर्च वाचला. साहित्य गावातलंच: शंख-शिंपले, खडे, बिया, पानं-फुलं, कुंभाराची मडकी. मोजायला शिकायचं तर चिंचोकेही चालतात आणि ते फुकट असतात. मुलांची आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं हाही शिक्षणाचाच भाग.

मात्र एका बाबतीत ताराबाईंनी कधी काटकसर केली नाही, ती म्हणजे शिकवणारी बाई. जिथे गेल्या तिथे बालवाडीसोबत प्रशिक्षणाचं काम उभं केलं. मला तर वाटतं, त्यांचं खरं शहाणपण इथेच होतं. भिंत नसली तरी चालेल, पण मुलाला समजणारी बाई हवीच.

१९५७ साली सगळं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींमध्ये. तिथे वेगळीच अडचण. थोरल्या मुली शाळेत येत नसत, कारण घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचं असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली शाळेत आणि आई बिनघोर कामावर. आणि जी मुलं गुरं राखायला रानात जात त्यांच्यासाठी शाळा थेट कुरणात, ती कुरणशाळा. पाळणाघराचा खर्च वरवर जास्तीचा वाटतो, पण त्यामुळे एका मुलीचं शिक्षण आणि एका आईची मजुरी, दोन्ही वाचत होतं.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबाडचं काम पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या शेवटापर्यंत सांभाळलं.

ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात अशी १३ लाखांहून जास्त केंद्रं आहेत. पोषण आहाराचा खर्च केंद्र आणि आपलं राज्य निम्मा-निम्मा उचलतात, बाकी बहुतेक खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०.

पण ताराबाईंनी जिथे हात आखडला नव्हता, नेमका तिथेच सरकारने आखडला. सुरुवातीला मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये आणि न झालेलीला १००, तेही ‘मानधन’. पगार म्हणायचं नाही, कारण ती ‘स्वयंसेविका’! मुलांचं वजन, लसीकरणाची आठवण, गरोदर बाईची नोंद, ढीगभर रजिस्टरं सगळं तिच्याच माथी. २०१८ साली केंद्राचं मानधन ३,००० वरून ४,५०० झालं, त्यात राज्य आपली भर घालतं. मोर्चे काढून, संप करून बायकांनी एकेक रुपया वाढवून घेतला. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२२ च्या एप्रिलमध्ये. योजना सुरू होऊन तेव्हा ४६ वर्षं उलटली होती.