कै. दादासाहेब फाळके : यंत्र मोठे की हात मोठा?

आपल्या आरे कॉलनीला लागूनच चित्रनगरी आहे. शूटिंगचे ट्रक, जनरेटरच्या गाड्या आणि मोठमोठी दिव्यांची खोकी रोज आपल्या रस्त्यावरून जातात. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की, म्हशींच्या चाऱ्याची गाडी गेली काय नि शूटिंगची गाडी गेली काय, आपण मान वर करून पाहात नाही. या चित्रनगरीला 2001 साली दादासाहेब फाळके यांचे नाव दिले. नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण त्या माणसाने काय केले, हे आपल्यातल्या फार थोड्या भगिनींना ठाऊक असेल. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी मी हा विषय घेतला.

दुसरेही एक कारण आहे. हल्ली हळदीकुंकवाला किंवा मंगळागौरीला फोटो निघाले की वाद ठरलेला. एक म्हणते, तिचा मोबाइल महागाचा म्हणून तिचे फोटो चांगले येतात. दुसरी म्हणते, मोबाइलात काही नाही, काढणाराच्या हातात असते. दादासाहेबांचे चरित्र वाचताना मला वाटले की या वादाचे उत्तर एका माणसाच्या सबंध आयुष्यात मांडून ठेवले आहे. मात्र ते आपल्याला वाटते तितके सरळ नाही.

दादासाहेबांचे मूळ नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरी, 30 एप्रिल 1870 रोजी. वडील संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना मुंबईस विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि भटा-भिक्षुकांचे हे घर मुंबईस आले. मुलाने वेदविद्या पुढे चालवावी अशी घराची रीत. पण ह्याचा ओढा चित्रांकडे. 1885 साली तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, पुढे वडील बंधूंबरोबर बडोद्यास कलाभवनात. तिथे प्राध्यापक गज्जर यांनी मुलाची हुशारी हेरली आणि फोटोची प्रयोगशाळाच त्याच्या हवाली केली. 1890 च्या सुमारास पहिला कॅमेरा हाती आला. फोटो काढणे, काच धुणे, छापणे, रंगीत ठसे करणे, मातीच्या मूर्ती, नाटकाचे पडदे, जादूचे खेळ, असे जे दिसेल ते तो शिकत सुटला. आपल्याकडे अशा मुलाला एक ना धड असेच म्हणतात. त्यांनाही कोणी तरी म्हटलेच असेल.

गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला. तिथे प्लेग आला आणि पहिली पत्नी व मूल दोन्ही गेली. बडोद्यास परत येऊन पुन्हा फोटोचा धंदा केला, तर तोही चालेना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी लोकांची समजूत होती. म्हणजे पाहा, यंत्र होते, हातात कला होती, पण समोर बसायला माणूस नव्हता. हा तिसरा मुद्दा आपण वादात कधीच धरीत नाही.

1902 साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी करंदीकरांच्या गिरिजा, सासरचे नाव सरस्वती. पुढे पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर व नकाशे काढणारा म्हणून सरकारी नोकरी मिळाली. ती 1906 साली सोडली आणि छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या देवादिकांच्या तसबिरी आपल्या आज्यांच्या घरी असत. त्या छापण्याच्या कामातही फाळक्यांचा हात होता. 1909 साली जर्मनीस जाऊन त्यांनी रंगीत छपाईची यंत्रे आणली. छापखाना चांगला चालला असता भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. वय चाळिशीचे आणि पदरी मुलेबाळे. आपल्यापैकी कोणीही त्या वेळी सरस्वतीबाईंच्या शेजारी राहात असती, तर तिने त्यांची कीवच केली असती.

1911 सालच्या एप्रिलात गिरगावात तंबूत चाललेल्या एका सिनेमाला दादासाहेब मुलाला घेऊन गेले. त्या दिवशी जनावरांचा खेळ होता. दुसऱ्या दिवशी ईस्टरनिमित्त येशू ख्रिस्ताचे चरित्र लागले होते, ते पाहायला सरस्वतीबाईंनाही नेले. पडद्यावर ख्रिस्त पाहता पाहता यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपले देव असे का दिसू नयेत, हा एकच ध्यास लागला. मग रोज सिनेमे पाहणे, परदेशी सूचीपत्रे मागविणे, रात्र रात्र जागणे. इतके की काही काळ डोळ्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचाराने ती परत आली हे आपल्या देशाचे नशीब.

आता यंत्राची गोष्ट. हिंदुस्थानात सिनेमाचा कॅमेरा काही फाळक्यांनी प्रथम आणला नाही. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्र घेतले होते. 1912 साली दादासाहेब तोरणे यांनी पुंडलिकाच्या नाटकाचे चित्र काढले, तेव्हा कॅमेरा आणि तो चालवणारा दोन्ही गोरेच होते. तेव्हा यंत्र असले की चित्रपट होतो म्हणावे, तर यंत्र मुंबईत तेरा वर्षे आधीच येऊन बसले होते.

पण यंत्राशिवाय झाले असते का? तेही नाही. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि 1 फेब्रुवारी 1912 रोजी ते बोटीने लंडनला निघाले. ओळख ना पाळख. एका सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकांच्या कचेरीत ते थेट गेले. त्या गृहस्थांनी त्यांना हेपवर्थ नावाच्या चित्रपट करणाऱ्याकडे नेले. तिथे सर्व खाती त्यांनी डोळे भरून पाहिली. मग विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, पन्नास पौंडांना. त्या वेळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे साडेसातशे रुपये झाले. त्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले आणि कच्ची फिल्म सांगितली. उगाच शोभेची एक वस्तू आणली नाही. घर चालविणाऱ्या बाईच्या ध्यानात हे लगेच येईल. बाजारात सगळेच छान दिसते, पण कशावाचून अडेल तेवढेच पिशवीत टाकायचे.

1 एप्रिलला ते परत आले. माल मागाहून बोटीने आला. दादरच्या घरी पेट्या उघडल्या आणि नकाशा पाहून चार दिवसांत सर्व जोडणी त्यांनी स्वतः केली.

हा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. बाजूला हाताने फिरवायचे हँडल. बॅटरी नाही, मोटार नाही. हात एका लयीत फिरला नाही तर पडद्यावरची माणसे धावू लागत किंवा रेंगाळत. उजेड सूर्याचा. फिल्म भोके नसलेली येई. अंधारात बसून तिला दोन्ही कडांना भोके पाडावी लागत. दर फुटाला सोळा चित्रे, आणि एकेका चित्राला प्रत्येक कडेला चार भोके. म्हणजे एका फुटात एका कडेला चौसष्ट. एक भोक वाकडे पडले की चित्र उडी मारते. हे काम कोणी केले? दिवसभर घरचे आटपून रात्री सरस्वतीबाई हे करीत. दादासाहेबांनी त्यांना शिकविले आणि त्या शिकल्या. फिल्म धुणे, औषधांची मिश्रणे करणे, तुकडे जोडणे हेही त्यांना येऊ लागले. शूटिंगच्या वेळी उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर यावा म्हणून त्या पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहात. शिवाय साठसत्तर माणसांचा स्वयंपाक. तारामतीचे काम करशील का, असेही त्यांना यजमानांनी विचारले होते. त्यांनी नाही म्हटले, कारण मग बाकीचे कोण करणार?

तेव्हा कॅमेरा मोठा की फोटोग्राफर, असे विचारताना दोघांच्या मागे उभी असलेली ही तिसरी बाई विसरू नये, असे मला वाटते.

पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून दादासाहेबांनी आधी एक लहानसे चित्र केले. कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभर रोज थोडेसेच हँडल फिरवून चित्रे घेतली. पडद्यावर ते सुमारे मिनिटभराचे झाले. बी फुटले, कोंब वर आला, वेल चढला, सारे डोळ्यांदेखत. या चित्रात मला दादासाहेब पुरते दिसतात. वाटाणा दोन पैशांचा, कॅमेरा कोणाकडेही असता तसाच. मात्र रोज त्याच जागी, चुकता, महिनाभर उभे राहायचे, ही गोष्ट कोणत्या दुकानात मिळते? ते पाहून सावकारांनी हात सैल केला. तरी पैसा पुरेना. सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

बाई काम करायला मिळेना. नाटकातच स्त्रिया काम करीत नसत, तर या नव्या खेळात कोण येणार? अखेर एका खाणावळीतला आचारी अण्णा साळुंके तारामती झाला. दाबके हरिश्चंद्र झाले. रोहिदास झाला दादासाहेबांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. आणि कॅमेरा कोणी चालविला? त्र्यंबकेश्वरचे त्यांचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांनी. तेलंगांना ते काम दादासाहेबांनीच शिकविले. वांगणीच्या रानात शूटिंगला गेलेली मंडळी भाले-तलवारी घेऊन निघाली, तेव्हा गावकऱ्यांना दरोडेखोर आले असे वाटले आणि पोलिसांनी सर्वांना धरून ठेवले, असे सांगतात. दादासाहेबांनी येऊन कॅमेरा दाखविला तेव्हा सुटका झाली.

असे करत करत 3700 फुटांचा राजा हरिश्चंद्र तयार झाला. भगिनींनी हिशेब करावा, एकोणसाठ हजारांवर चित्रे झाली. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांना दाखविला. पुढे बिऱ्हाड नाशिकला हलले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली. पडद्यावर आलेल्या आपल्याकडच्या या पहिल्या स्त्रिया. 1917 सालच्या लंकादहनात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. कृष्णजन्म आणि कालियामर्दन यांत मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. देव एकाएकी प्रगट होणे, नाहीसे होणे, हे सगळे कॅमेरा मध्येच थांबवून, तीच फिल्म पुन्हा फिरवून केलेले. लंडनला पुन्हा गेले असता तिथेच राहून चित्रपट करण्याचे आमंत्रण त्यांना मिळाले होते. ते त्यांनी घेतले नाही.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी बनविला. भाऊ आनंदराव मध्येच वारले, तरी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला आणि त्यावर सैरंध्री काढला. हे ऐकून हात मोठा म्हणणाऱ्या भगिनी टाळ्या पिटतील. पण बाबूरावांनाही यंत्र लागलेच. विकत न मिळाले म्हणून करावे लागले, एवढेच. तवा नसला तर कोणती सुगरण भाकरी भाजील?

आणि दादासाहेबांचा उत्तरार्ध तर मन उदास करणारा आहे. कंपनीत भागीदार आले, पुन्हा पटेना, काशीस जाऊन राहिले, तिथे नाटक लिहिले, पुन्हा परत आले. 1931 साली आलमआरा आला आणि पडदा बोलू लागला. दादासाहेबांचा सेतुबंधन 1932 साली तयार झाला तो मुकाच. मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. आता ध्वनीची यंत्रे, बंदिस्त स्टुडिओ, नवी माणसे आली. अंगणात उन्हाला चादर धरून काम होण्याचा काळ सरला होता. हात तोच होता, नजरही तीच होती, पण यंत्र पुढे निघून गेले आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. 1937 साली कोल्हापूर सिनेटोनसाठी गंगावतरण हा एक बोलपट त्यांनी केला, तोच शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला ते वारले. ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला, त्यात लाखो रुपये खेळत होते आणि यांच्या घरी ओढग्रस्त.

म्हणून कोणी मला विचारले तर मी म्हणेन की 1912 साली हात जिंकला आणि 1932 साली यंत्र जिंकले. दोन्ही एकाच माणसाच्या घरी. पटत नसेल त्या भगिनींनी पुढच्या बैठकीत खुशाल भांडावे.

1969 पासून सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. पहिला मान देविकाराणी यांना मिळाला, हे आम्हा बायकांना बरे वाटावे असे झाले. पाच वर्षांनी नव्हे, पंचवीस वर्षांनी झाले, असो.

राजा हरिश्चंद्राची काही रिळे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने जपली आहेत. मुलांनी मला ती मोबाइलवर लावून दिली. चित्र मुके आहे, ओरखड्यांनी भरलेले आहे. त्यात एके ठिकाणी राणी आणि सख्या कुंडात पाणी खेळत आहेत. सगळे पुरुषच. लुगडी ओली झाली आहेत आणि ती सावरण्याची त्यांची जी धांदल उडाली आहे, ती खरी आहे. भगिनींनी दुपारी सवड काढून अवश्य पाहावे.