सावित्रीबाई आणि त्यांची फातिमा

पालकहो, मुलाला क्लाससाठी लातूरला ठेवायचे आणि मुलीची शाळा दहावीलाच थांबवायची, हे नांदेडकडे आपल्याही काही घरांत घडते. म्हणून हे चरित्र मुलींसमोर मोठ्याने वाचा.

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. लग्नानंतर जोतिरावांनी त्यांना घरीच शिकविले. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली व त्या शिक्षिका झाल्या. वाटेत अंगावर शेण पडे. तरी वर्ग चुकला नाही. १८५६ च्या ऑक्टोबरात आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. तेथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. ही फातिमा म्हणजे आपल्या समाजातील फातिमा शेख. तिच्याविषयी फारसे कोणी लिहूनच ठेवले नाही! प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.