कोरियातले जनरल थोरात

कोरिया म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये तीनच विषय निघतात: सॅमसंगचा मोबाइल, ह्युंदाईची गाडी, नाहीतर रात्री दोन वाजेपर्यंत चालणारी कोरियन सिरियल. मीही त्यातलीच! पण 3 डिसेंबर 2024 च्या रात्री तिथले राष्ट्राध्यक्ष यून सुक योल यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. उत्तर कोरियाच्या बाजूच्या देशद्रोही शक्तींना आवरायचंय, असं कारण दिलं. संसदेने तो सहा तासांत मागे घ्यायला लावला आणि एप्रिल 2025 मध्ये यून यांची खुर्चीही गेली. इतक्या पुढारलेल्या देशात असं का व्हावं, हे शोधता शोधता मी 1953 सालात जाऊन पोचले, आणि तिथे मला भेटले आपल्या कोल्हापूरकडचे एक जनरल.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजेच एस. पी. पी. थोरात यांचा जन्म 12 ऑगस्ट 1906 चा, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टमधून शिकून 1926 साली ते लष्करात अधिकारी झाले. भारतीय माणूस लढाईत पलटणीचं नेतृत्व करू शकेल का, अशी शंका तेव्हा इंग्रजांना होती. त्याचं उत्तर 1945 साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत मिळालं. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन हे तिघे एकाच ब्रिगेडमधल्या तीन पलटणींचे प्रमुख होते. जपान्यांशी झुंजून तिघांनीही डी.एस.ओ. हे मानाचं पदक मिळवलं.

आता कोरियाकडे वळू. 1910 पासून हा देश जपानच्या ताब्यात होता. 1945 मध्ये जपान हरला आणि 38 अंश अक्षांशावर रेघ ओढून वर रशिया, खाली अमेरिका अशी वाटणी झाली. 1948 मध्ये दोन सरकारं झाली: उत्तरेत किम इल सुंग, दक्षिणेत सिंगमन ऱ्ही. दोघांचाही दावा अख्ख्या कोरियावर. 25 जून 1950 ला उत्तरेने हल्ला केला, पुढे अमेरिका आणि चीनही उतरले. 27 जुलै 1953 ला युद्ध थांबलं, पण तो फक्त युद्धविराम होता. शांततेचा करार आजपर्यंत झालेला नाही.

युद्धविराम रखडला होता कैद्यांवरून. चीन आणि उत्तर कोरियाचे हजारो कैदी परत जायला तयार नव्हते. शेवटी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. या फौजेत आपली मराठा पॅराशूट पलटणही होती.

ऱ्हींना हे काहीच मान्य नव्हतं. त्यांनी जूनमध्येच सुमारे 27 हजार कैदी परस्पर सोडून दिले आणि भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही, असं जाहीर केलं. म्हणून आपल्या जवानांना इंचॉन बंदरातल्या जहाजांवरून अमेरिकन हेलिकॉप्टरने थेट चार किलोमीटर रुंद निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. तिथल्या छावणीला त्यांनी नाव दिलं हिंदनगर. राजधानी सोल तिथून साधारण आमच्या काटोलहून नागपूर जेवढं, तेवढंच दूर.

कैदी होते जवळपास 22,600, म्हणजे आमच्या काटोलची निम्मी वस्ती! शिवाय दुसऱ्या बाजूचे 359. पाच-सहा हजार भारतीयांनी हे सगळं सांभाळायचं. छावण्यांच्या आत कैद्यांच्या टोळ्या होत्या, त्यांचे म्होरके होते. कोणी परत जायचं नाव काढलं तर मारहाण, कधी खूनसुद्धा.

सप्टेंबरच्या शेवटी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला आत ओढून डांबून ठेवलं. थोरात बाहेरून फौज घुसवू शकले असते, पण मग ग्रेवाल वाचले नसते. ते मोजके साथीदार घेऊन नि:शस्त्र आत गेले. चवताळलेल्या घोळक्यात उभं राहून त्यांनी धमकी दिली नाही. चिनी लोकांचा पाहुणचार एवढा प्रसिद्ध, आणि इथे आल्यागेल्याला साधा चहा-सिगारेट विचारायची पद्धत नाही का, असं त्यांनाच सुनावलं! वातावरण निवळलं आणि ते ग्रेवालना घेऊन बाहेर आले. या धैर्यासाठी त्यांना अशोक चक्र (वर्ग 2) मिळालं, ज्याला आता कीर्तिचक्र म्हणतात.

पण सगळंच असं गोड झालं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दंगल उसळली, भारतीय पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. एकेका कैद्याला तंबूत बसवून परत जायचं की नाही, हे विचारायचं काम डिसेंबरपर्यंत रडतखडत चाललं. फार थोडे परत गेले. मुदत संपल्यावर, जानेवारी 1954 मध्ये, उरलेले कैदी ज्यांनी दिले होते त्यांच्याच हवाली करण्यात आले. दोन्हीपैकी कुठलीच बाजू नको म्हणणारे 88 जण भारतात आले.

मला वाटतं, कोरियाचं राजकारण समजायला हिंदनगरचा तो तंबू पुरेसा आहे. तू कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न तिथल्या माणसाला सारखा विचारला गेलाय. विरोधकाला उत्तरेचा हस्तक ठरवत ऱ्हींनी 1960 पर्यंत राज्य केलं, विद्यार्थ्यांच्या उठावाने त्यांना घालवलं. 1961 मध्ये पार्क चुंग ही यांनी लष्करी बंड केलं. 1980 मध्ये ग्वांगजूत लोकांवर गोळ्या चालल्या. 1987 च्या आंदोलनानंतर जनतेला थेट निवडणूक मिळाली. 2024 मध्येही तोच जुना प्रश्न वापरून पाहिला गेला, पण या वेळी लोक रात्रीच संसदेसमोर उभे राहिले.

थोरात पुढे पूर्व विभागाचे लष्करप्रमुख झाले. 1960 मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी चीनच्या संभाव्य हल्ल्याचा इशारा दिला. दिल्लीने तो मनावर घेतला नाही. 1961 मध्ये ते निवृत्त झाले आणि 1962 मध्ये जे व्हायचं ते झालं. 1992 साली त्यांचं निधन झालं.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याकडेही गटबाजी काही कमी नाही. पुढच्या वेळी कोणी तुमची बाजू विचारत दमदाटी करू लागला, तर घोळक्यात रिकाम्या हाताने शिरलेला हा मराठी माणूस आठवा. आणि हो, सिरियल बघताना कधीतरी त्या देशाचा नकाशाही बघा. मधली रेघ अजून तशीच आहे.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स