दम्याने बेजार कारागीर आणि खिशातला कॅमेरा : ऑस्कर बार्नाक यांची गोष्ट

जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांना पुन्हा भाव आलाय. ट्रंकेत नाहीतर माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला छोटा कॅमेरा कॉलेजची पोरं शोधून काढतात, पुसतात, रोल मिळतो का म्हणून दुकानं पालथी घालतात. मोबाईलमध्ये हजारो फोटो काढता येत असताना ३६ फोटोंच्या रोलचं एवढं वेड कशाला, असं घरचे विचारतात. पण हा आकडा आणि खिशात मावणारं ते यंत्र ज्या माणसामुळे घरोघरी पोहोचलं, त्याची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

ऑस्कर बार्नाक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेला असलेल्या लिनो या लहानशा गावातला. मोठ्या पदव्या वगैरे काही नाहीत. लहान वयातच यंत्रकाम शिकायला उमेदवारी धरली, मग रिवाजाप्रमाणे गावोगाव फिरून कारागिरी केली. १९०२ मध्ये ते येना इथल्या झाइस या नामांकित भिंगांच्या कारखान्यात लागले.

त्यांना दोन गोष्टींचा नाद होता, डोंगर-जंगलात भटकायचं आणि फोटो काढायचे. अडचण एकच, ती म्हणजे दमा. त्या काळी चांगला फोटो हवा तर मोठा लाकडी कॅमेरा, काचेच्या जड प्लेटा आणि तिकाटणं असं सगळं बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागे. धडधाकट माणसालाही घाम फुटायचा, तिथे दमेकऱ्याची काय कथा! थुरिंगियाच्या जंगलात चढ चढताना बार्नाक यांना धाप लागायची. नाद सोडणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून ओझं कमी कसं होईल याचा विचार त्यांनी सुरू केला.

पहिला प्रयोग फसला. एकाच मोठ्या प्लेटवर पंधरा-वीस छोटे फोटो काढून ते मोठे करायचे, असा त्यांचा बेत होता. पण मोठं केल्यावर चित्र दाणेदार, भुरकट दिसायचं. तो विषय तिथेच थांबला.

सिनेमाची फिल्म आडवी केली

झाइसमधले त्यांचे सहकारी एमिल मेखाऊ पुढे वेट्झलर गावच्या लाइट्झ कारखान्यात गेले. हा कारखाना सूक्ष्मदर्शकांसाठी प्रसिद्ध होता. मेखाऊ यांनी बार्नाक यांचं नाव सुचवलं आणि १९११ मध्ये बार्नाक तिथे रुजू झाले. प्रयोग विभाग त्यांच्याकडे आला. तिथे त्यांनी सिनेमाच्या कॅमेऱ्यावरही काम केलं आणि ३५ मिलिमीटर रुंदीची सिनेमाची फिल्म त्यांच्या हाती आली.

इथे त्यांची जुनी कल्पना पुन्हा जागी झाली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी सरकते आणि एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचं असतं. बार्नाक यांनी फिल्म आडवी धावती केली आणि दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली. झाली २४ बाय ३६ ची फ्रेम. फिल्म पुढे सरकवली की शटरही त्याच फिरकीत ताणलं जाईल, अशी जोडणी केली. म्हणजे प्लेट बदलण्याची कटकटच संपली. १९१४ पर्यंत धातूच्या अंगाचा, मुठीत धरता येईल असा नमुना तयार होता.

खिशातले कॅमेरे त्याआधीही बाजारात होते, ही गोष्ट खरी. पण छोट्या निगेटिव्हवरून मोठा आणि स्वच्छ फोटो हवा, तर कॅमेरा घड्याळासारखा नेमका हवा आणि लेन्सही तशीच हवी. सूक्ष्मदर्शकं बनवणाऱ्या हातांना ते जमलं. लेन्सचं गणित त्याच कारखान्यातल्या माक्स बेरेक यांनी मांडलं. काम झालं की लेन्स आत ढकलायची आणि कॅमेरा कोटाच्या खिशात टाकायचा.

एवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि काम बाजूला पडलं. बार्नाक मात्र स्वतःच्या नमुन्यावर फोटो काढत राहिले. १९१४ ची सैन्यभरती, १९२० मध्ये वेट्झलरच्या रस्त्यांत शिरलेलं पुराचं पाणी असे त्यांचे फोटो आजही बघायला मिळतात.

मंदीत घेतलेली जोखीम

युद्धानंतर जर्मनीचं चलन कोसळलं. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. त्याच वर्षी लाइट्झ कारखान्याने चाचणीसाठी पंचवीसेक कॅमेरे बनवले. जाणकारांचं मत फारसं अनुकूल नव्हतं. एवढीशी निगेटिव्ह कोण वापरणार, फोटो मोठा करायला वेगळं यंत्र कोण घेणार, असे सवाल होते. आणि धंदा सूक्ष्मदर्शकांचा, कॅमेऱ्याच्या बाजारात नाव शून्य.

जून १९२४ मध्ये मालक अर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांनी बैठक घेतली. बहुतेकांचा सूर विरोधाचा होता. तरी लाइट्झ यांनी कॅमेरा काढायचंच ठरवलं. मंदीत कामगारांच्या हाताला काम राहावं, हा त्यामागचा एक मोठा हिशेब होता. १९२५ च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा यांतून नाव झालं लायका. वजन अर्ध्या किलोपेक्षा कमी, आणि एका फिल्मवर ३६ फोटो.

बार्नाक एवढ्यावर थांबले नाहीत. १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा लायका आला, तर १९३२ मध्ये अंतर मोजून फोकस जुळवणारी सोय कॅमेऱ्याच्या अंगातच बसली. फोटो काढणारा माणूस आता स्टुडिओतून रस्त्यावर आला. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी लायका हाती घेतला. समोरच्याचं लक्ष जाऊ नये म्हणून ते त्याचे चमकते भाग काळ्या पट्टीने झाकत. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, ते दिल्लीत महात्मा गांधींना भेटले होते. त्यानंतर शोकाकुल दिल्लीची त्यांनी टिपलेली चित्रं जगभर गेली. त्याच वर्षी वडोद्याच्या महाराजांच्या वाढदिवसाचा सोहळाही त्यांनी टिपला.

हे सगळं पाहायला बार्नाक नव्हते. प्रकृतीने त्यांना कधीच पुरती साथ दिली नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९३४ मध्ये, कोडॅकने ३५ मिलिमीटरचा तयार रोल डबीत घालून बाजारात आणला होता. पुढे तोच आपल्याकडच्या लग्नमुंजीत आणि शाळेच्या सहलीत पोहोचला.

जून २०२२ मध्ये बार्नाक यांचा स्वतःचा, १०५ क्रमांकाचा चाचणी कॅमेरा लिलावात निघाला. १ कोटी ४४ लाख युरोंना, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून जास्त किमतीला तो विकला गेला. घरातल्या जुन्या कॅमेऱ्याला असा भाव अर्थातच येणार नाही. पण आजच्या महागड्या डिजिटल कॅमेऱ्यात ज्याला फुल फ्रेम म्हणतात, तो आकार अजूनही २४ बाय ३६ मिलिमीटरच आहे. धाप लागणाऱ्या त्या कारागिराने ठरवलेला.