मोटारींचा शिंपी

माप घेऊन कोट शिवावा, तशी गिऱ्हाईक पाहून मोटार सजवणारा कारागीर म्हणजे हार्ले अर्ल. जन्म १८९३ चा, हॉलिवूडमधला. वडील घोडागाड्या बांधत. पुढे मोटारींचे सांगाडे बांधू लागले. मूकपटांतले नट आपली गाडी या कारखान्यात आणून देत. हार्ले इंजिन तसेच ठेवी आणि वरचा सगळा साज बदलून टाकी. विनोदी नट 'फॅटी' अर्बकलच्या पिअर्स-ॲरोला त्याने नवे रूप दिले; घोडेस्वार नायक टॉम मिक्सच्या गाडीवर तर चक्क खोगीर चढवले! आधी मातीचा नमुना घडवायचा, मग पत्र्याला हात लावायचा, ही त्याची रीत.

१९२७ च्या 'ला साल' गाडीने जनरल मोटर्सची दारे त्याला उघडली. नटांची हौस आता कारकुनाच्या दारात आली. पण दरवर्षी नवे रूप आणून कालची गाडी जुनाट ठरवायची, ही चालही तिथलीच. हा भाग काही आपल्याला रुचत नाही. गंमत म्हणजे, लपणाऱ्या दिव्यांची १९३८ ची 'वाय-जॉब' ब्यूइक हा गृहस्थ स्वतः कित्येक वर्षे चालवत होता.

१९५८ मध्ये तो निवृत्त झाला, १९६९ मध्ये वारला. ती ब्यूइक कंपनीने जपून ठेवली आहे.